ठिपके गेले, म्हणजे रोग गेला का?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकायला मिळते. नवा मासा आणला. चार-सहा दिवसांत त्याच्या अंगावर आणि परांवर मिठाचे दाणे चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसू लागले. मासा दगडांना अंग घासू लागला. दुकानदाराने एक औषध दिले. ते पाण्यात घातले आणि तीन-चार दिवसांत ठिपके नाहीसे झाले. सर्वांना हायसे वाटले आणि औषध थांबवले. आठ-दहा दिवसांनी मात्र टाकीतल्या सर्वच माशांच्या अंगावर शेकडो ठिपके उठले. मासे धापा टाकल्यासारखे कल्ले हलवू लागले आणि पाहता पाहता निम्मी टाकी रिकामी झाली.

या प्रसंगात औषधाने नेमके काय केले? पुष्कळदा याचे उत्तर ‘काहीच नाही’ असे असते. औषध घातले नसते, तरी ते ठिपके साधारण तेवढ्याच दिवसांत गेले असते. कावळा फांदीवर बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढेच. असे का घडते हे समजून घ्यायचे, तर आधी ठिपका म्हणजे काय ते पाहायला हवे. ते समजले की कोणते औषध, किती आणि किती दिवस, या प्रश्नांची उत्तरे तर्कानेच मिळू लागतात. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनाही हा तर्क करता येईल.

ठिपका म्हणजे काय?

हा ठिपका म्हणजे एक एकपेशीय प्राणी. पॅरामिशियमप्रमाणे त्याच्या अंगभर सूक्ष्म केस, म्हणजे पक्ष्माभिका असतात. त्याचे शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. ग्रीक भाषेत ‘क्रिप्टोस’ म्हणजे लपलेले आणि ‘कॅरिऑन’ म्हणजे गर, म्हणजेच केंद्रक. ‘इरिटन्स’ हा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ त्रास देणारा. जपानमधील सिकामा यांनी १९३७ साली समुद्री माशांच्या या रोगाचे वर्णन केले आणि ब्राउन यांनी १९५१ मध्ये या जीवाला आजचे नाव दिले. योगायोग असा की, त्याच १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. खाऱ्या पाण्यातले जिवंत मासे काचेपलीकडे पाहण्याची सोय तिथे अनेक पिढ्यांना मिळाली.

गोड्या पाण्यातल्या माशांनाही अगदी असाच पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो. तो इक्थिऑफ्थिरिअस नावाच्या दुसऱ्या जीवामुळे होतो. दोघांची राहणी इतकी सारखी की, ते सख्खे भाऊ असावेत असे बराच काळ वाटत होते. जनुकांची तुलना केल्यावर मात्र त्यांचे नाते दूरचे आहे असे दिसून आले. सारखी अडचण सोडवताना दोन वेगळ्या घराण्यांतले जीव सारख्याच युक्तीवर येऊन पोचले. उत्क्रांतीच्या पाठात शार्क आणि डॉल्फिन यांच्या आकाराचे उदाहरण आपण देतो. त्याच्या जोडीला हेही उदाहरण सांगता येईल.

चार अवस्था, चार घरे

या परजीवीचे जीवनचक्र चार टप्प्यांचे आहे.

पहिला टप्पा माशाच्या अंगावरचा. परजीवी माशाच्या त्वचेच्या किंवा कल्ल्यांच्या वरच्या पेशीथराखाली शिरतो आणि तेथे गरगर फिरत माशाच्या पेशी व द्रव खातो. तीन ते सात दिवसांत तो फुगून सुमारे अर्धा मिलिमीटर होतो. तेव्हा कुठे तो आपल्या डोळ्यांना ठिपका म्हणून दिसतो.

दुसरा टप्पा माशाला सोडून जाण्याचा. पोट भरले की परजीवी आपणहून त्वचेतून बाहेर पडतो आणि तळाशी जाऊन काही तास सरपटत जागा शोधतो. ठिपका ‘गेला’ असे आपण म्हणतो तो हाच क्षण.

तिसरा टप्पा कोषाचा. परजीवी वाळूला, दगडाला किंवा काचेला घट्ट चिकटतो आणि स्वतःभोवती कठीण आवरण तयार करतो. आत एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असे विभाजन सुरू होते. एका कोषातून दोनशेपर्यंत पिल्ले तयार होऊ शकतात. याला बहुधा तीन ते आठ दिवस लागतात. पण सर्व कोष एकाच वेळी फुटत नाहीत. काही चार आठवडे तसेच राहतात, आणि बहात्तर दिवसांपर्यंत टिकलेल्या कोषांचीही नोंद आहे.

चौथा टप्पा मुक्त पोहणाऱ्या पिल्लांचा. कोष फुटला की पिल्ले पाण्यात पोहत माशाचा शोध घेतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात. त्यातही पहिल्या सहा-आठ तासांनंतर माशात शिरण्याची त्यांची ताकद झपाट्याने कमी होत जाते.

येथे एक मौज आहे. परजीवी माशाला सोडतात ते बहुतेक काळोखात, आणि कोषांतून पिल्ले बाहेर पडतात तीही बहुतेक काळोखात. असे का? प्रवाळ खडकांवरचे पुष्कळ मासे रात्री ठराविक कपारीत विसावतात. तेथेच गळून पडायचे आणि काही दिवसांनी मासे तेथेच झोपले असताना बाहेर यायचे, म्हणजे भक्ष्य जवळच सापडते, असा संशोधकांचा तर्क आहे.

आता थोडे गणित करू. एका माशावर दहा ठिपके आहेत. ते सगळे गळाले, प्रत्येकाचा कोष झाला आणि प्रत्येकातून दोनशे पिल्ले निघाली, तर दोन हजार पिल्ले होतात. अथांग समुद्रात यांतल्या बहुतेकांना मासा सापडतच नाही. त्यामुळे तेथील माशांच्या अंगावर सहसा मोजकेच परजीवी असतात आणि मासा ते सहन करतो. शंभर लिटरच्या टाकीत मात्र मासा कुठेही गेला तरी हाताच्या अंतरावरच असतो. पिल्लांपैकी दहात एक यशस्वी झाले तरी दहाचे दोनशे ठिपके होतात. म्हणजे समुद्रात जो किरकोळ त्रास असतो, तो टाकीत जीवघेणा ठरतो. हीच गोष्ट उष्ण समुद्रांत जाळीच्या पिंजऱ्यांमध्ये मासे वाढवणाऱ्यांनाही भोवते.

औषध कोणापर्यंत पोचते?

आता विद्यार्थ्यांपुढे प्रश्न ठेवा : पाण्यात औषध घातले, तर या चारांपैकी कोणत्या अवस्थेतील परजीवी त्याच्या तावडीत सापडेल?

पहिल्या अवस्थेतला परजीवी माशाच्या पेशींखाली दडलेला असतो. माशाची त्वचा त्याला पांघरुणासारखी उपयोगी पडते. तिसऱ्या अवस्थेत कोषाचे कठीण कवच आड येते. दुसरी अवस्था काही तासांची. उरली चौथी. मुक्त पोहणाऱ्या पिल्लाच्या अंगावर ना पांघरूण ना कवच. पाण्यातले विष थेट त्याच्या पेशीला भिडते. म्हणजे औषधाला संधी आहे ती मुख्यतः याच टप्प्यावर.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, औषध ठिपके घालवत नाही. ठिपके आपल्या वेळेने जातात. औषधाचे काम नवे ठिपके होऊ न देण्याचे. दुसरी, शेवटचा कोष फुटेपर्यंत औषध पाण्यात योग्य प्रमाणात असलेच पाहिजे. मध्ये एक रात्र जरी प्रमाण घसरले, तरी त्या रात्री बाहेर पडलेली पिल्ले सुखरूप माशात शिरतात आणि मोजणी पहिल्यापासून सुरू करावी लागते.

ओळखीचे मोरचूद

या रोगावरचे सर्वांत जुने आणि अजूनही वापरात असलेले औषध म्हणजे तांबे. ते बहुधा कॉपर सल्फेटच्या, म्हणजे मोरचुदाच्या रूपात देतात. शाळेच्या प्रयोगशाळेतले निळे स्फटिक ते हेच. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना ते बोर्डो मिश्रणातून परिचयाचे आहे. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ मध्ये द्राक्षावरील केवडा रोगासाठी मोरचूद आणि चुना यांच्या या मिश्रणाची शिफारस केली. केवड्याची बुरशी एकदा पानाच्या आत शिरली की बोर्डोचा फारसा उपयोग होत नाही. पानावरच्या ओलाव्यात पोहणारे तिचे बीजाणू मात्र तांब्याने मरतात. म्हणून ही फवारणी रोग पानात शिरण्याआधी करायची असते. पानाच्या जागी माशाची त्वचा आणि बीजाणूंच्या जागी पोहणारी पिल्ले ठेवा. तत्त्व एकच आहे.

माशांसाठी पाण्यात तांब्याच्या मुक्त आयनांचे प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवतात. शंभर लिटर पाण्याला किती मोरचूद लागेल? लिटरला ०.२ मिलिग्रॅम धरले तर २० मिलिग्रॅम तांबे हवे. मोरचुदाच्या स्फटिकाचे रेणुवस्तुमान सुमारे २४९.७ आणि त्यात तांबे ६३.५. म्हणजे वजनाचा साधारण चौथा हिस्सा, २५.५ टक्के. यावरून सुमारे ७९ मिलिग्रॅम मोरचूद लागेल. इतके थोडे वजन साध्या तराजूवर करता येत नाही. मग ७.९ ग्रॅम मोरचूद एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवावे. त्यातल्या दर १० मिलिलिटरमध्ये ७९ मिलिग्रॅम मोरचूद येते. नववी-दहावीच्या वर्गात सोडवायला हे उदाहरण चांगले आहे.

गणित सोपे असले तरी टाकीतले रसायन तितके सोपे नाही. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असते आणि त्यात कार्बोनेटे असतात. तांब्याचा काही भाग कार्बोनेट होऊन खाली बसतो. टाकीत प्रवाळाची वाळू, शिंपले किंवा चुनखडीचे दगड असतील, तर तेही तांबे शोषून घेतात. सकाळी मोजून घातलेले तांबे संध्याकाळी पाण्यात तेवढे असेलच याची खात्री नाही. शोषलेले तांबे पुढे कधी तरी पुन्हा पाण्यात उतरू शकते, तो धोका निराळाच. म्हणून उपचार वाळू-दगड नसलेल्या वेगळ्या टाकीत करायचे, पाण्यातले तांबे चाचणी-संचाने रोज मोजायचे आणि कमी पडेल तेवढीच भर घालायची. सुरुवातीलाही पूर्ण मात्रा एकदम न देता दोन-तीन दिवसांत वाढवत न्यायची.

बाजारात तांबे दुसऱ्या रेणूत गुंफलेली औषधेही मिळतात. त्यांतले तांबे लवकर खाली बसत नाही. मात्र त्यांची मात्रा वेगळी आणि बरीच जास्त असते. एकाची मात्रा दुसऱ्याला लावली, तर एक तर परजीवी वाचतात नाही तर मासे मरतात. बाटलीवरची मात्रा पाळणे आणि त्या प्रकारच्या तांब्याला चालणारा चाचणी-संच वापरणे, हाच त्यावरचा उपाय.

विष आणि औषध यांतले अंतर

खुल्या समुद्राच्या पाण्यात तांबे लिटरमागे एक मायक्रोग्रॅमहूनही कमी असते. आपण टाकीत त्याच्या शेकडो पट घालतो. ते परजीवीला विष आहे, तसे माशालाही आहेच. तांब्यामुळे कल्ल्यांतील पेशींचे क्षार सांभाळण्याचे काम बिघडते आणि माशाची प्रतिकारशक्तीही मंदावते. फरक एवढाच की, परजीवी ज्या प्रमाणात मरतो ते प्रमाण बहुतेक मासे काही आठवडे सोसू शकतात. या दोन प्रमाणांमधली अरुंद पट्टी म्हणजेच औषधाची मात्रा. पट्टीखाली गेले तर औषध निरुपयोगी, वर गेले तर घातक. शार्क आणि पाकट यांच्यासारख्या कूर्चामय माशांना तर तांबे एरवीच्या मात्रेतही सोसत नाही.

प्रवाळ, समुद्रफूल, तारामासा, कोळंबी या अपृष्ठवंशी प्राण्यांसाठी ती पट्टी नाहीच. माशाला औषध ठरणारी मात्रा त्यांना मारते. यात एक गमतीचा विरोधाभास आहे. कोळंबी आणि खेकडा यांच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारे जे हिमोसायनिन असते, त्यात तांबेच असते. आपल्या रक्तात लोह, त्यांच्या रक्तात तांबे. ज्याच्यावाचून त्यांचे चालत नाही, तेच पाण्यात थोडे अधिक झाले की त्यांचा जीव घेते. शरीराला काय लागते हे जितके महत्त्वाचे, तितकेच किती लागते हेही.

एवढ्यासाठीच आजारी मासे वेगळ्या टाकीत हलवायचे. मग मुख्य टाकीचे काय? तिच्या वाळूत कोष असणारच. तेथे औषध घालायचे नाही, फक्त मासे ठेवायचे नाहीत. पिल्ले बाहेर येतील, मासा मिळणार नाही आणि ती मरतील. निदान सहा आठवडे टाकी माशांविना ठेवतात. बहात्तर दिवसांची नोंद ठाऊक असलेले लोक त्याहून अधिक थांबतात. तेथील प्रवाळांना आणि कोळंब्यांना त्याचा काही त्रास नाही, कारण हा परजीवी त्यांच्यावर जगत नाही.

औषधाविना उपचार

जीवनचक्र नीट कळले, तर औषधाचा थेंबही न वापरता मासा बरा करता येतो. इस्रायलमधील संशोधक कोलोर्नी यांनी १९८० च्या दशकात या परजीवीच्या चक्राचा बारकाईने अभ्यास केला. गळून पडलेल्या परजीवीपासून पुन्हा पिल्ले तयार व्हायला निदान तीन दिवस लागतात. मग दर तीन दिवसांनी मासे स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत ताज्या खाऱ्या पाण्यात हलवले तर? तीन दिवसांत जे परजीवी गळाले, ते कोषांसह जुन्या टाकीत मागे राहतात. ती टाकी रिकामी करून धुऊन वाळवली की कोष मरतात. अशी चार स्थलांतरे केली की बारा दिवस होतात. माशाच्या अंगावर परजीवी फार तर सात दिवस राहतो. तेव्हा बाराव्या दिवसापर्यंत अंगावरचे सगळे गळून गेलेले असतात आणि नवे शिरायला संधीच मिळालेली नसते. यासाठी दोन साध्या टाक्या आणि वेळेचा काटेकोरपणा एवढेच लागते.

दुसरा मार्ग पाण्याचा खारटपणा कमी करण्याचा. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते सावकाश १५-१६ ग्रॅमपर्यंत उतरवले, तर कोषांतले परजीवी परासरणाने पाणी शोषून फुटतात. अस्थिमत्स्यांच्या रक्तात क्षार समुद्रापेक्षा कमीच असल्याने पुष्कळसे मासे हा बदल सोसतात. मात्र ठिपक्यांचा मासा पाच मिनिटे गोड्या पाण्यात बुडवून फारसा फायदा होत नाही. परजीवी त्वचेखाली असतो आणि मासाच त्याचे रक्षण करतो.

प्रत्येक परजीवीची वेगळी तऱ्हा

सगळेच परजीवी असे नसतात. मखमली रोग हा ॲमिलूडिनियम नावाच्या एकपेशीय जीवाचा. तो आधी कल्ल्यांवर बसतो. अंगावर बारीक सोनेरी धूळ दिसण्यापूर्वीच मासा गुदमरून मरू शकतो. त्याचीही पोहणारी अवस्थाच तांब्याच्या तावडीत येते. मलेरियासाठी वापरले जाणारे क्लोरोक्विनही त्याच्यावर चालते. चपट्या कृमींचे तिसरेच. ते त्वचेच्या वर चिकटलेले असतात, म्हणून गोड्या पाण्यात बुडवले की पांढरे पडून गळतात. माणसांच्या शिस्टोसोमा रोगावरचे प्राझिक्वांटेल हे औषध त्यांना लागू पडते. पण त्यांची अंडी औषधाला दाद देत नाहीत. म्हणून काही दिवसांनी, अंडी फुटल्यावर, पुन्हा मात्रा द्यावी लागते. जीवाणूंवरची प्रतिजैविके यांपैकी कोणावरच उपयोगी नाहीत. रोग न ओळखता ‘सर्व रोगांवर एक’ अशी बाटली ओतणे म्हणजे अंधारात काठी फिरवणे.

हाच तर्क माणसांनाही लागू आहे. व्हायव्हॅक्स मलेरियात क्लोरोक्विनने रक्तातले परजीवी मरतात आणि ताप उतरतो. यकृतात दडलेले मात्र तसेच राहतात. म्हणून प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्यायच्या असतात. ताप गेला म्हणून त्या सोडणारा रुग्ण आणि ठिपके गेले म्हणून तांबे थांबवणारा मत्स्यपालक एकाच चुकीच्या वाटेने जातात.

वर्गात काय करता येईल?

जिवंत माशांवर प्रयोग करू नये, आणि मोरचूद विषारी आहे हेही विसरू नये. कागद-पेन्सिल पुरे. विद्यार्थ्यांचे गट करून प्रत्येकाला तीस दिवसांची दिनदर्शिका आखायला सांगा. पहिल्या दिवशी माशावर दहा ठिपके आहेत. ते पाचव्या दिवशी गळतात. पाच कोष चार दिवसांनी, तीन आठ दिवसांनी आणि दोन सोळा दिवसांनी फुटतात. एका गटाने औषध पहिले पाच दिवस द्यावे, दुसऱ्याने चौदा दिवस, तिसऱ्याने तीस दिवस. प्रत्येक गटाकडे किती पिल्ले निसटली ते मोजा. पहिल्या गटात दहाही कोषांतली पिल्ले निसटतील. दुसऱ्या गटाची दिनदर्शिका तिसऱ्या आठवड्यापर्यंत स्वच्छ दिसेल आणि एकविसाव्या दिवशी उरलेले दोन कोष फुटतील. तांब्याचा उपचार तीन आठवड्यांहून कमी का ठेवू नये, याचे उत्तर फळ्यावर आपोआप उमटेल.

दुसरा प्रश्न चर्चेसाठी ठेवा. कुणी म्हणाले, ‘मी माशांना लसूण खाऊ घातला आणि चार दिवसांत ठिपके गेले.’ हे खरे असू शकते का? असू शकते. मग लसणाने ठिपके गेले का? हे ठरवायला लसूण न दिलेले, तितकेच आजारी मासे शेजारी हवेत, आणि दोन्हीकडे पुढचा महिनाभर पाहायला हवे. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे मुलांना इतक्या सहज समजावणारी उदाहरणे थोडी असतात.

टाकीत दिसणारे समुद्री शोभिवंत मासे बहुतांश प्रवाळ खडकांवरून पकडून आणलेले असतात. असा एखादा मासा टाकीत मेला, की त्याची जागा भरायला खडकावरून दुसरा उचलला जातो. म्हणून सर्वांत चांगला उपचार म्हणजे नवा मासा थेट मुख्य टाकीत न सोडणे. त्याला चार ते सहा आठवडे वेगळे ठेवावे आणि रोज पाहावे. ठिपका दिसला, तर तो गळाल्याच्या दिवशी उपचार संपवू नयेत. त्या दिवशी परजीवी फक्त डोळ्यांआड झालेला असतो, आणि त्याची मोजणी तेथून पुढे करायची असते.